सर्व्हर डाऊन नाहीये, साहेब

गेल्या आठवड्यात आमच्या आळीतल्या एक मावशी हद्दवाढीतल्या सुविधा केंद्रातून तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने परत आल्या. काकांचा मृत्यूचा दाखला हवाय. त्याच्यावाचून फॅमिली पेन्शनची फाईल पुढे सरकत नाही. तिन्ही वेळेला खिडकीतून एकच उत्तर मिळालं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." तिसऱ्या वेळी तर तेही सांगायला कुणी नव्हतं, काचेवर कागद लावलेला होता. त्या कागदाची सेलोटेप पिवळी पडली आहे. म्हणजे तो किती दिवस तिथे आहे ते तुम्हीच ठरवा.

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आलाय: नगरपरिषदेची सर्व कार्यालये "एकाच लॅनवर" जोडणाऱ्या व्हीपीएलएस सेवेला तीन वर्षं मुदतवाढ, आणि आणखी नवीन ठिकाणं त्यात घेणं. मागच्या वेळी हा विषय "मंजूर, मंजूर" म्हणत एका मिनिटात गेला. गटाराच्या विषयावर दोन तास भांडणारे आपले नगरसेवक यावर गप्प बसले, कारण शब्द कळला नाही आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, आपणच सोप्या भाषेत मांडू.

कमेंटमध्ये कुणी लिहिण्याआधीच सांगून टाकतो. हो, माझा धंदा नेटवर्किंगचाच आहे. वीस-बावीस वर्षं केबल ओढणं, स्विच लावणं, लोकांच्या ऑफिसात टेबलाखाली रांगणं हेच करतोय. नाही, मी या टेंडरमध्ये नव्हतो आणि पुढच्यातही नसेन. त्यामुळे "टेंडर मिळालं नाही म्हणून बोंबलतोय" हा मुद्दा तिथेच सोडा.

आता मुळात ही व्हीपीएलएस भानगड काय आहे? एका ऑफिसात दहा कॉम्प्युटर एका स्विचला जोडले की झालं लॅन. एकाने हाक मारली की बाकीच्या नऊ जणांना ऐकू जाते, प्रिंटर सापडतो, फाईल सापडते. पण ऑफिसं नऊ असली, त्यातलं एक दवाखाना, एक अग्निशमन केंद्र, एक अकरा किलोमीटरवरचं जलशुद्धीकरण केंद्र, तर? मग कंपनी म्हणते, तुमच्या प्रत्येक ऑफिसची एक वायर आमच्याकडे द्या. आमच्या आतल्या जाळ्यात आम्ही अशी जोडणी करतो की तुम्हाला वाटेल मधे एक भलामोठा स्विच आहे आणि तुमची सगळी ऑफिसं त्यालाच लावलीयेत. कंपनीच्या कडेचे राऊटर तुमचं प्रत्येक पाकीट उचलतात, त्यावर एमपीएलएसची लेबलं चिकटवतात आणि आभासी तारांवरून दुसऱ्या टोकाला नेऊन पोचवतात. नऊ ठिकाणं नऊ वेगवेगळ्या राऊटरवर असली तर प्रत्येकाची प्रत्येकाशी अशा छत्तीस आभासी तारा होतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, सांभाळाव्या लागत नाहीत. तंत्र चांगलं आहे, हे मी कुठेही नाकारत नाही. २००७ च्या जानेवारीत त्याची दोन मानकं निघाली, आरएफसी ४७६१ आणि ४७६२, आणि जगभरच्या टेलिकॉम कंपन्या ही सेवा विकत आल्या आहेत. दोन डेटा सेंटर जोडायची असतील, कारखान्यातली जुनी मशिनं असतील ज्यांना राऊटरपलीकडचं काही समजतच नाही, किंवा एखाद्या मोठ्या संस्थेला आपले राऊटर आपणच सांभाळायचे असतील, तिथे ती शोभते.

आपल्याकडे काय केलं? प्रत्येक ऑफिसातला साधा स्विच थेट कंपनीच्या डब्यात खुपसला. मधे राऊटर नाही, फायरवॉल नाही, काही नाही. आणि फाईलवर लिहिलं, "सर्व कार्यालये एकाच लॅनवर आणण्यात आली." शाब्बासकी पण घेतली.

एकच लॅन म्हणजे काय, हे वाड्यात राहिलेल्यांना लगेच कळेल. नऊ बिऱ्हाडं, एकच चौक, आणि कुणाच्याच खोलीला दार नाही. चौकात कुणी हाक मारली की नऊ घरांत ऐकू जाणार. एका घरात भांडण लागलं की नऊ घरांची झोप जाणार. कॉम्प्युटर हाका फार मारतात. "अमुक पत्ता कुणाचा?" ही हाक प्रत्येक मशीन दिवसभर मारत असतं आणि अशा जोडणीत ती हाक दवाखान्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडे जाते. तेवढ्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते पुढे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका केंद्रावरच्या बाबूंना मोबाईलला रेंज येत नव्हती. घरातला जुना वायफाय राऊटर त्यांनी आणला आणि भिंतीतल्या सॉकेटला जोडला, तोही चुकीच्या भोकात. बिचाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण तो डबा स्वतःच सगळ्यांना पत्ते वाटायला लागला. आणि लॅन एकच! त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यांनी ज्यांनी मशीन चालू केलं, त्यातल्या बऱ्याच जणांना मुख्य इमारतीतल्या सर्व्हरऐवजी या घरगुती डब्याने पत्ता दिला. कर विभाग बंद, जन्म-मृत्यू बंद, दवाखान्याचं केसपेपरचं मशीन बंद. खिडकीवर पाटी तीच, सर्व्हर डाऊन. सर्व्हर बिचारा एसीत बसून व्यवस्थित चालू होता! त्याच्यापर्यंत कुणी पोचत नव्हतं एवढंच. अडीच दिवस गेले त्यात. शेवटी ओळखीच्या एका कर्मचाऱ्याने मला फोनवर स्क्रीन वाचून दाखवली, पत्ता ऐकल्याबरोबर कळलं की हा ऑफिसचा नव्हेच.

कंपनीकडे तक्रार गेली होती का? गेली होती. कंपनीने काय कळवलं? "आमची लिंक चालू आहे." आणि ते शंभर टक्के खरं होतं. त्यांची जबाबदारी त्यांच्या डब्याच्या भोकापर्यंत. पलीकडे वाड्यात काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नाही. आणि नगरपरिषदेत त्या पलीकडचं बघणारा माणूस नेमलेलाच नाही. मग त्या अडीच दिवसांचा जबाब कुणी द्यायचा? कुणीच दिला नाही.

हे झालं चुकून. आता मुद्दाम कुणी केलं तर काय होतं बघा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस आला. त्याचं वैशिष्ट्य असं की एका मशीनमध्ये शिरला की त्याच जाळ्यातली दुसरी दुरुस्त न केलेली विंडोज मशिनं तो आपणहून शोधायचा, पुढे कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांची दाणादाण उडाली. लगेच जूनमध्ये नॉटपेट्या आला, मर्स्क ही अवाढव्य जहाज कंपनी आडवी झाली आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामकाज थांबलं. सुरुवात झाली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटपासून, आणि कंटेनर अडकले उरणला. आतल्या आत दारं नसली की असं होतं.

आपल्या लॅनवर काय काय आहे? करवसुलीची खिडकी, जिथे दिवसाला पन्नास पेन ड्राईव्ह येतात. आणि त्याच लॅनवर, त्याच चौकात, जलशुद्धीकरण केंद्रातला तो कॉम्प्युटर, ज्यावर पंपांची आणि क्लोरीनच्या मात्रेची स्क्रीन आहे. पाणीपट्टीचा क्लार्क आणि पाणी शुद्ध करणारं यंत्र, दोघांच्या मधे एकही दार नाही. मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये. पण वर्षभरापूर्वी हेच मी लेखी कळवलं होतं, आवक क्रमांक माझ्याकडे आहे, उत्तर आलेलं नाही. म्हणून आज इथे लिहितोय.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "अहो, पण ते प्रायव्हेट आहे. इंटरनेटवर नाहीये. सेफ आहे." या प्रायव्हेट शब्दाने फार लोकांना फसवलंय. इथे प्रायव्हेट म्हणजे कंपनीच्या इतर गिऱ्हाइकांपेक्षा वेगळं ठेवलेलं. पोस्टात तुमच्या टपालाची पिशवी वेगळी केली, एवढंच. पिशवीला कुलूप नाही. एमपीएलएसच्या लेबलात कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, मुळीच नसतं. वाटेत ज्याच्या हाताला ती तार लागेल त्याला आतलं वाचता येतं. कुलूप लावायचं असेल तर ते आपण लावायचं, दोन्ही टोकांना. आपण लावलेलं नाही. आणि दुसरी गोष्ट, मुख्य इमारतीतून सगळ्यांसाठी इंटरनेट दिलेलं आहेच. त्यामुळे "इंटरनेटवर नाहीये" हेही अर्धसत्य.

तो इंटरनेटचा मुद्दा जरा नीट बघण्यासारखा आहे, कारण मावशींचा दाखला तिथेच अडकलाय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि नोंदणी केंद्राच्या पोर्टलवर आली. म्हणजे दाखल्याचं काम आपल्या सर्व्हरवर नाहीच, ते इंटरनेटवरच्या सरकारी पोर्टलवर आहे. मग हद्दवाढीतल्या केंद्रातून ते पोर्टल कसं उघडतं? केंद्रातून आधी व्हीपीएलएसवरून मुख्य इमारतीत, आणि मग तिथल्या एका इंटरनेट लाईनवरून बाहेर. समोरच्या किराणा दुकानात जायला आधी स्टँडवर जायचं, तिथून रिक्षा करून परत यायचं, असला प्रकार. मुख्य इमारतीतली वीज गेली, युपीएसच्या बॅटऱ्या मेलेल्या असल्या (आहेत), की नऊही ठिकाणचं इंटरनेट जातं. केंद्रावर वीज आहे, माणूस आहे, प्रिंटर आहे, दिल्लीचं पोर्टलही चालू आहे. मावशी मात्र परत!

आणि तारेचं म्हणाल तर हद्दवाढीकडे जाणारी फायबर एकच आहे, ती पण मोठ्या रस्त्याच्या कडेने. गेल्या वर्षभरात तो रस्ता किती वेळा खणला ते सगळ्यांनी बघितलंय. कधी पाण्याची लाईन, कधी गॅसची, कधी आणखी काही. जेसीबीच्या दाताला काय कळतं खाली काय आहे ते. बॅकअप लाईन आहे असं फाईलवर आहे. मी बघून आलो. बॅकअप त्याच कंपनीची, त्याच चरातून, त्याच मोरीखालून. एकाच बादलीला दोन दोर बांधायचे आणि दोन्ही एकाच कुजक्या खुंटीला अडकवायचे, याला बॅकअप म्हणत नाहीत.

आता करारातली मेख. "९९ टक्के अपटाईम" लिहिलंय. ऐकायला किती छान! महिन्याचे ७२० तास धरा. एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटं. ऑफिसची वेळ दिवसाला आठ तासांच्या आसपास. म्हणजे दर महिन्याला जवळजवळ एक अख्खा कामाचा दिवस लाईन बंद राहिली तरी कंपनीला एक रुपया दंड नाही. रात्री तीन वाजता लाईन चालू होती याचेही गुण त्यात धरतात. आणि मोजणी कुठे होते? कंपनीच्या यंत्रावर. खिडकीत नाही. घरगुती डब्याने घातलेला तो अडीच दिवसांचा गोंधळ करारानुसार "अपटाईम शंभर टक्के" होता, लक्षात घ्या.

मुख्याधिकारी साहेबांवर माझा वैयक्तिक राग नाही. ते येतात, दोन-तीन वर्षांत बदलून जातात. राग या "तांत्रिक अडचण" शब्दाचा आहे. पाणी आलं नाही तर आपण विचारतो व्हॉल्व कुणी बंद केला. दिवे गेले तर विचारतो फ्यूज कुठला. पण सर्व्हर डाऊन म्हटलं की जणू पावसानेच ओढ दिली, आपण मान हलवून घरी येतो. निर्णय माणसांनी घेतलाय, सह्या माणसांनी केल्यात, पैसे आपले आहेत.

काही जण म्हणतील, टीका सोपी, मग तू काय करशील ते सांग. सांगतो. मुदतवाढ देऊ नका, निदान आहे त्या रूपात नको. प्रत्येक ठिकाणी स्वतःचा छोटा राऊटर आणि फायरवॉल बसवा. नऊ ऑफिसांची नऊ वेगळी लॅन करा, दारं बसवा, आणि कोणत्या दारातून कोणी जायचं ते लिहून ठेवा. हे केलंत तर खालची तार व्हीपीएलएसची असली तरी माझी हरकत नाही. पण खरं सांगू का, आपल्या एवढ्याशा नगरपरिषदेला त्याची गरजच नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या साध्या इंटरनेट लाईनी, एक जमिनीखालून आणि दुसरी टॉवरवरून वायरलेस, आणि मुख्य इमारतीपर्यंत कुलूपबंद व्हीपीएन. सरकारी पोर्टलं केंद्रातूनच थेट उघडतील, करखात्याचं सॉफ्टवेअर व्हीपीएनमधून चालेल, एक लाईन तुटली तर दुसरी उचलेल. जलशुद्धीकरणाचं यंत्र मात्र या सगळ्यापासून तोडा. त्याला स्वतंत्र ठेवा. त्याची आकडेवारी बाहेर दिसायला हवी असेल तर फक्त दिसेल एवढीच वाट द्या, आत हात घालता येईल अशी नको.

"इंटरनेटवरच्या लाईनला गॅरंटी नसते" असं कंपनीचा माणूस सभेत येऊन सांगेल. बरोबर आहे, नसते. पण आत्ताच्या गॅरंटीने मावशींना काय दिलं? दोन बिनगॅरंटीच्या लाईनी दोन वाटांनी आल्या तर एकाच वेळी दोन्ही जाण्याची शक्यता ही एका चरातल्या एका गॅरंटीवाल्या लाईनपेक्षा कमी असते, हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. आणि व्हीपीएलएसच हवं असेल तर निदान विचारा तरी, की २०१५ साली त्याच्या पुढचं ईव्हीपीएन आलं, ज्यात दोन्ही लाईनी एकाच वेळी वापरता येतात, ते का नाही मागितलं? बहुधा उत्तर येईल, जुन्या टेंडरचा मसुदाच पुन्हा टाईप केलाय. तारीख बदलून.

हो, आणि बॅटऱ्या बदला. टेबलाखाली कंपनीचा जो छोटा डबा असतो, फायबरची वायर करणारा, तो कित्येक केंद्रांवर युपीएसला जोडलेलाच नाही, साध्या बोर्डात आहे. लाईट गेली की कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. ही दुरुस्ती फुकटात होते, प्लग काढून दुसरीकडे लावायचा. त्यालासुद्धा ठराव लागणार असेल तर बोलणंच खुंटलं.

आता तुमच्या-माझ्या हातात काय आहे ते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर अपील करता येतं, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दिवस मोजायला सुरुवात अर्ज दिल्यापासून होते. "सर्व्हर डाऊन" म्हणत अर्जच घेतला नाही, तर दिवस मोजायला सुरूच होत नाहीत. कागदोपत्री मावशींचा अर्ज आलेलाच नाही! तीन खेटे झाले आणि विलंब शून्य. म्हणून यापुढे खिडकीवर हे उत्तर मिळालं की परत फिरू नका. कागदावर अर्ज लिहा, आवकमध्ये द्या, तारखेची पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मावशींचा अर्ज काल असाच दिलाय, पोच घेतलीये.

मी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. विचारणार आहे: गेल्या बारा महिन्यांत प्रत्येक केंद्र ऑफिसच्या वेळेत किती तास बंद होतं आणि ते कुणी मोजलं, कंपनीकडून दंड म्हणून किती वसूल केला, बॅकअप लाईनचा मार्ग दाखवणारा नकाशा, नऊ ठिकाणच्या नेटवर्कचा आराखडा कुणी केला आणि तपासला कुणी, आणि त्या पावसाळ्यातल्या अडीच दिवसांबद्दलची टिपणी, असली तर. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण सभा त्याआधी आहे, म्हणून हेच प्रश्न आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला आजच व्हॉट्सअॅपवर पाठवा. शब्द अवघड वाटला तर एवढंच विचारा, "दादा, नऊ ऑफिसांच्या मधे दारं आहेत का?"

सोमवारी सकाळी साडेदहाला आवक टेबलापाशी असेन. ज्यांचे अर्ज असेच परत गेलेत त्यांनी कागदं घेऊन या, दोन-दोन प्रती काढून आणा. समोरचं झेरॉक्सचं दुकान साडेनऊला उघडतं.